तांडेलाचा उजवा कान : चक्करच्या एका पेशंटचा तपास कसा झाला

हे लिहायला पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय. गाव, वय आणि अजून एकदोन गोष्टी ओळख पटू नये इतपत बदलल्यात.

पार्श्वभूमी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात एका कान-नाक-घसा डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात काम करते. आमच्याकडे ऑडिओमीटर आहे, कानाच्या पडद्यामागचा दाब बघायचं मशीन आहे, तपासणीचं एक टेबल आणि फ्रेन्झेलचा जाड भिंगाचा चष्मा, बस. चक्करच्या मोठ्या तपासण्यांसाठी पेशंटला कोल्हापूरला पाठवावं लागतं नाहीतर गोव्याला, आणि दोन्हीकडे जायचं म्हणजे घरातल्या एकाचा पूर्ण दिवस मोडतो, त्यामुळे पाठवायच्या आधी आम्ही दहादा विचार करतो.

पेशंट वय ५२, मालवण बाजूचे, ट्रॉलरवर तांडेल. सोळाव्या वर्षापासून समुद्रात. तांडेल म्हणजे बोट त्याच्या हातात, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर परत कधी फिरायचं हे सगळं तोच ठरवणार आणि मागे पाचसहा खलाशी त्याच्या भरवशावर. मी त्यांना काका म्हणते, ते मला बाय म्हणतात.

फेब्रुवारीत एका पहाटे मासळी उतरवून झाल्यावर ते जेटीवर उभे होते आणि अचानक सगळं गरगर फिरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, दोन खलाश्यांनी धरून रिक्षात घातलं. दवाखान्यात बीपी १६०/१०० निघालं, इंजेक्शन दिलं, तीनेक तासांत गरगरणं थांबलं. बीपीची गोळी सुरू झाली ती बरोबरच होती, पण चक्कर बीपीमुळेच असं सगळ्यांनी धरून टाकलं. दोन आठवड्यांनी परत तसंच झालं तेव्हा बीपी चांगलं होतं, मग मानेचा एक्सरे निघाला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा आला. बावन्नाव्या वर्षी, तेही आयुष्यभर जाळी ओढलेल्या माणसाचा एक्सरे काढला तर मणक्यात काही ना काही दिसणारच, म्हणून ते चक्करचं कारण ठरत नाही. सहा आठवडे पट्टा घालून काका घरात बसले.

काकांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. बंदरावर कोणीतरी म्हणालं की तांडेलाला बोट लागायला लागली. छत्तीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला हे ऐकून घेणं किती जड गेलं असेल.

अडचण नेमकी काय होती

एप्रिलमध्ये आमच्याकडे आले तेव्हा हातात फाईल होती आणि त्यात चक्कर हा एकच शब्द सात ठिकाणी लिहिलेला. आपल्याकडे या एका शब्दात काय काय कोंबलेलं असतं! उपाशी राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते ती चक्कर, उभं राहताना भोवळ येते ती चक्कर, चालताना झोक जातो ती पण चक्कर आणि घर गरगर फिरतं ती पण चक्कर. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणून मी पेशंटला तो शब्दच वापरू देत नाही, काय होतं ते हाताने दाखवा म्हणते.

काकांनी हात डोक्याभोवती गोल फिरवला आणि म्हणाले, "घर फिरता, माझा डोक्या फिरना नाय. होडयेर माका कधी बोट लागली नाय, आनी आता घरात निजल्यार लागता."

निजल्यावर? मी तिथेच पकडलं. उजव्या कुशीवर वळलं की फिरतं, थोडा वेळ, मग थांबतं. किती वेळ म्हटलं तर म्हणाले मिनिटभर पण नाही. हे ऐकल्यावर या कामातल्या कोणाच्याही डोक्यात एकच नाव येतं, बीपीपीव्ही. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात, ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं ठराविक दिशेला वळवल्यावर जग फिरतं.

तपासायला डिक्स-हॉलपाइक टेस्ट, १९५२ पासूनची, मशीन काही लागत नाही. पेशंटला टेबलावर बसवायचं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवायचं आणि झटकन मागे आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. काकांचं डोकं माझ्या दोन्ही हातात होतं. पहिले चारपाच सेकंद काहीच नाही. मग चष्म्याच्या भिंगामागे डोळे हलायला लागले, कपाळाकडे उडी मारत आणि खालच्या म्हणजे उजव्या कानाकडे गोल फिरत, काकांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली, वीसेक सेकंदांत आपोआप शांत. अगदी पुस्तकात असतं तसं. लगेच एपलीची क्रिया केली, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने फिरवून खडे परत मूळ जागी आणायचे. पुढच्या आठवड्यात टेस्ट निगेटिव्ह. काकींनी आम्हाला घरचे आंबे आणून दिले.

इथे माझी चूक झाली. मिनिटभराची चक्कर मला सापडली आणि मी खूश झाले. पण फेब्रुवारीतली चक्कर तीन तासांची होती, ती बीपीपीव्हीत बसत नाही. मी त्या दिवशी काकांची ऐकण्याची तपासणीसुद्धा केली नाही, कारण इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेलेलं, ऐकू कमी येणारच, आणि बाहेर बारा पेशंट बसलेले. मेमध्ये काकांना तीन-तीन तासांचे दोन अॅटॅक आले.

कुठले पर्याय समोर होते

जूनच्या पहिल्या आठवड्यात अॅटॅकच्या दुसऱ्याच दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. चालताना हात धरलेला, चेहरा उतरलेला. या वेळी मी खुर्चीत बसून पाऊण तास फक्त ऐकलं. मोठ्या अॅटॅकच्या आधी उजवा कान भरून येतो, डोंगर चढताना गाडीत येतो तसा, आणि मग कानात बोटीचं इंजिन सुरू असल्यासारखी घरघर. हे त्यांनी आधी कुणाला सांगितलंच नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

लगेच ऑडिओग्राम केला. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. उजव्या कानाला २५० हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजाला, ५० डेसिबल, ५०० ला ४५, १००० ला ४०, आणि २००० ला मात्र २५. डाव्या कानाला तेच आकडे १५, १५, २०, २०. चार हजारला दोन्ही कान सारखेच ४५, तो इंजिनाचा भाग. इंजिनाच्या आवाजाने बारीक, टोकदार आवाज जातात, दोन्ही कानांचे. इथे एकाच कानाचे जाड आवाज गेले होते. पडद्यामागचा दाब नॉर्मल, मळ नाही, पाणी नाही. म्हणजे दुखणं आतल्या कानाचं.

डॉक्टरांनी आणि मी बसून यादी केली.

मेनिएचा आजार हा पहिला संशय. आतल्या कानातल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं आणि कान भरणं, घरघर, कमी ऐकू येणं, तासन्‌तास गरगरणं असं सगळं एकत्र येतं. प्रॉस्पेर मेनिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडलं की अशी चक्कर कानातून येऊ शकते, तोवर ती मेंदूची समजली जायची. २०१५ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे २० मिनिटं ते १२ तासांचे किमान दोन अॅटॅक, त्या कानाचं खालच्या पट्टीतलं ऐकणं कमी झाल्याची ऑडिओग्रामवर नोंद, आणि कानाची कमीजास्त होणारी लक्षणं, एवढं असलं आणि दुसरं कारण बसत नसलं की निदान पक्कं धरतात.

दुसरा संशय मेंदूचा. वय ५२, बीपी, पहिला अॅटॅक जोरात, त्या दिवशी छोट्या मेंदूचा स्ट्रोक असू शकला असता. बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, हातपाय लुळा पडणं, धरूनसुद्धा उभं राहता न येणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं, यातलं एक जरी चक्करसोबत असेल तर कानाचा विचार बाजूला ठेवून थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, हे मी प्रत्येक घरात सांगते. काकांना यातलं काहीच नव्हतं आणि दरवेळी कानच बोलत होता. पण एकाच कानाचं ऐकणं कमी म्हणजे तोलाच्या नसेवर गाठ नाही ना, हे एकदा बघणं भाग होतं.

तिसरं मायग्रेनची चक्कर. डोकं दुखत नाही, उजेडाचा त्रास नाही, घरात कुणाला अर्धशिशी नाही. मागे पडलं.

मुलाने मोबाईलवर वाचून आणलं होतं की बोटीवरून उतरल्यावर काही लोकांना जमीन हलत राहते, तसं तर नाही ना. चांगला प्रश्न होता. पण त्यात डुलल्यासारखं वाटतं, गोल फिरत नाही, आणि परत बोटीत किंवा गाडीत बसलं की बरं वाटतं. काकांचं तसं नव्हतं.

काकींना वाटत होतं की अमावास्या-पुनवेला होतं. त्यांनी देवाकडे गाऱ्हाणंही घातलं होतं. भरती-ओहोटीवर सगळं घर चालतं तिथे हा विचार येणं अगदी साहजिक आहे, मी म्हटलं काकी, आपण कालनिर्णयवर खुणा करूया. अॅटॅक आला की लाल गोल, नुसता कान भरला की फुली, किती वेळ चाललं ते बाजूला. त्या एका कॅलेंडरने पुढे आम्हाला किती मदत केली!

मग प्रश्न हा की निदान जवळजवळ कळलंच आहे तर कोल्हापूरला पाठवायचं कशाला. निकषांत तोलाची टेस्ट लागतच नाही. पण या माणसाला आधीच बीपी, मान आणि खडे अशी तीन लेबलं लागून गेली होती, घरातल्यांचा कुठल्याच नावावर विश्वास उरला नव्हता, आणि त्यांचं काम असं की उजवा कान किती कमजोर झालाय आणि डावा पूर्ण धड आहे का हे माहीत असल्याशिवाय समुद्रात परत जा किंवा नको जा असं सांगणं धोक्याचं. शिवाय १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी, बोट किनाऱ्याला ओढलेली. तपासायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

काय केलं : पहिली फेरी

चक्करच्या गोळ्या मेंदूला गप्प करतात, त्या पोटात असताना टेस्ट केली तर खरं चित्र दिसत नाही. म्हणून ४८ तास आधी त्या बंद, दारू बंद. मी काकांना सांगितलं, "चक्करची गोळी दोन दिवस घेऊ नका, बीपीची चालू ठेवा." त्यांनी मान हलवली.

जूनच्या मधल्या एका सकाळी धो धो पावसात ते मुलाबरोबर निघाले. मालवणाहून कोल्हापूर म्हणजे फोंडाघाट चढून चारेक तास. तिथल्या ताईंनी विचारलं शेवटची गोळी कधी घेतली, तेव्हा काकांनी खरं सांगितलं. "घाटात उलटी होतली म्हणान एक गोळी घेतलंय."

त्यात त्यांचं काय चुकलं? चार महिने अॅटॅकच्या भीतीत काढलेला माणूस, वळणावळणाचा घाट, अनोळखी गाडी, खिशात गोळी. मी त्या जागी असते तर मीही घेतली असती. मी गोळी बंद सांगितली पण घाटाचं काय करायचं ते सांगितलं नाही.

तिथे मग त्या दिवशी व्हीहिट तेवढी झाली. यात डोळ्यावर कॅमेऱ्याचा गॉगल घालतात, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायला सांगतात आणि डोकं अचानक छोटासा झटका देऊन वळवतात. कान नीट असेल तर डोळे ठिपक्यावरच राहतात, कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून परत येतात. १९८८ मध्ये हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी ही हाताने करायची टेस्ट म्हणून मांडली, कॅमेरे नंतर आले. काकांच्या दोन्ही कानांतल्या तीन-तीन, अशा सहाही नळ्या ठीक निघाल्या. कॅलोरिक, म्हणजे कानात गरम-गार पाणी सोडून करायची टेस्ट, पुढच्या तारखेला ठेवली.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर घरी आधी पोचला आणि आमच्याकडे नंतर. त्यावर नॉर्मल लिहिलेलं. गावातल्या एका डॉक्टरांनी बघून सांगितलं कान चांगलाय, मानेचंच आहे. पट्टा परत बाहेर निघाला. मुलाचा फोन आला, आवाजात राग होता आणि तो रास्त होता. "मॅडम, तुम्ही कान म्हणता, मशीन म्हणतं कान चांगला, आम्ही कोणाचं ऐकायचं?"

निर्णयाची खरी जागा

मी त्यांना दवाखान्यात बोलावलं आणि ऑडिओग्रामचा कागद टेबलावर ठेवला. म्हटलं बघ, ऐकण्याच्या तपासणीत आम्ही जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सगळे वाजवतो, हो ना? समजा मी तुझ्या बाबांचा फक्त २००० चा आवाज वाजवला असता तर उजवा कान २५ म्हणजे जवळजवळ चांगला असंच लिहिलं असतं, आणि २५० चे ५० कधी दिसलेच नसते. तोलाचंही तसंच आहे. व्हीहिट वेगवान झटका तपासते. कॅलोरिक अगदी संथ, जवळजवळ न जाणवणाऱ्या हालचालीच्या टोकाला तपासते. मेनिएमध्ये संथ टोक कमजोर आणि वेगवान टोक शाबूत असं बऱ्याचदा सापडतं. मशीन खोटं बोललं नाही, त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला परत जाऊ.

पर्याय तसे होते अजून. टेस्ट सोडून औषध सुरू करायचं, किंवा आधी एमआरआय. मुलाचा सुरुवातीपासून एमआरआयचा आग्रह होता आणि आम्ही म्हणत होतो आधी तोलाची टेस्ट होऊ दे. खरं तर ऑडिओग्राम एकतर्फी आल्या दिवशीच एमआरआय ठरवायला हवा होता, त्यात त्याचं बरोबर होतं. आता ठरलं की एकाच फेरीत दोन्ही.

काय केलं : दुसरी फेरी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात. या वेळी सगळं कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, कुठली गोळी बंद आणि कुठली चालू, दोन्ही पाकिटांवर स्केचपेनने खूण करून. आदल्या दिवशी दुपारीच निघायचं, घाट गोळीशिवाय पार करायचा, पुढच्या सीटवर बसायचं, नजर लांब रस्त्यावर, उलटी झाली तर होऊ दे, पिशवी जवळ. रात्री कोल्हापूरला मामेबहिणीकडे मुक्काम. सकाळी हलकं खाऊन टेस्ट. दाजीपूरच्या आसपास एक उलटी झाली, बस तेवढीच.

त्या दिवशी मी सुट्टी टाकून सोबत गेले. कामाचा भाग नव्हता पण मला ती टेस्ट माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

कॅलोरिकमागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी कान धुवायचे तेव्हा पाणी फार गार किंवा फार गरम झालं की पेशंटला गरगरायचं, त्यांनी ते नुसतं सोडून न देता डोळ्यांकडे बघितलं, आणि १९१४ चं नोबेल त्यांच्या या तोलाच्या कामाला मिळालं. पेशंटला आडवं करून डोकं ३० अंश वर उचलतात म्हणजे आडवी नळी उभी होते, मग एका कानात ४४ अंशाचं पाणी सोडतात, नंतर ३० अंशाचं, शरीराच्या ३७ पेक्षा बरोबर सात वर आणि सात खाली. नळीतला द्रव तापतो किंवा निवतो आणि वाहायला लागतो, मेंदूला वाटतं डोकं फिरतंय, डोळे हलतात. दोन कान, दोन तापमानं, चार वेळा, मध्ये विश्रांती. या टेस्टची खासियत ही की एकेक कान वेगळा बोलतो. पडद्याला भोक असेल तर पाणी सोडता येत नाही, म्हणून आधी कान बघून घ्यायचा.

खोलीत अंधार, काकांच्या डोळ्यांवर झाकलेला गॉगल, बाहेर स्क्रीनवर त्यांचे दोन डोळे मोठे मोठे. टेस्ट चालू असताना पेशंटचं डोकं जागं ठेवावं लागतं नाहीतर डोळ्यांची हालचाल दबते, म्हणून त्याला काहीतरी बोलतं ठेवतात. तिथल्या ताई म्हणाल्या मुलींची नावं सांगा, शहरांची सांगा. काका गप्प. मी म्हटलं, काका, माशांची नावं सांगा.

मग काय! "बांगडो, पेडवे, तारले, सौंदाळो, इसवण, सरंगो, हलवो, कर्ली, मोरी, तांबोशी, लेपो, शेतक..." उजव्या कानात गरम पाणी गेलं होतं, स्क्रीनवर डोळे जेमतेम हलत होते आणि मासे मात्र एकामागून एक येतच होते, त्यांचा आवाज अगदी शांत. नंतर डाव्या कानात तेच पाणी. कर्लीपर्यंत आले आणि आवाज फाटला, हात गादीवर आपटला, डोळे स्क्रीनभर धावत होते. "बाय, सगळा फिराक लागला." मी हात धरला, म्हटलं फिरू दे काका, मिनिटादोन मिनिटात थांबेल, मोरी सांगा, मोरी.

आकडे असे. डोळ्यांचा वेग अंश प्रति सेकंद. उजवा कान गरम ९, गार ८, बेरीज १७. डावा गरम २०, गार १९, बेरीज ३९. दोघांची मिळून ५६, फरक २२, म्हणजे ५६ च्या मानाने उजव्या बाजूची कमजोरी ३९ टक्के. साधारण २५ च्या वर गेलं की ते दखल घेण्यासारखं मानतात. डोळे जोरात हलत असताना समोर दिवा लावून त्याकडे बघायला सांगितलं तर हालचाल लगेच दबली, म्हणजे मेंदूकडचा भाग आपलं काम करतोय.

काकी बाहेर रडवेल्या झाल्या होत्या, डाव्या कानाला एवढा त्रास झाला म्हणजे तोच बिघडलाय असं त्यांना वाटलं. असं बहुतेकांना वाटतं. मी सांगितलं काकी, जो कान फिरवतो तो जिवंत आहे, काळजी न फिरवणाऱ्याची. काका तोवर उठून बसले होते. म्हणाले, "म्हंजे उजवो कान झोपलो हा."

एमआरआय त्याच दुपारी, गाठ वगैरे काही नाही.

नुसत्या ३९ वरून मेनिए म्हणता येत नाही हेही सांगते, कारण तो आकडा दुसऱ्या आजारातही येतो आणि मेनिएच्या कितीतरी लोकांची कॅलोरिक चांगली निघते. इथे हकीगत उजवी, ऑडिओग्राम उजवा, कॅलोरिक उजवी, तिन्ही बोटं एकाच कानाकडे. तीन आठवड्यांनी परत केलेल्या ऑडिओग्रामला २५० चे ५० वरून ३० झाले होते, ऐकणं वरखाली होतंय हेही नोंदवलं गेलं. आणि एप्रिलमधले खडे? तेही खरेच होते. मेनिएच्या कानात बीपीपीव्ही सोबतीला येऊ शकतं. एक खरं निदान दुसऱ्याच्या समोर उभं राहिलं होतं.

उपचार आणि काम

मीठ कमी करा हे सांगायला सोपं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरच्या घरात काय असतं? खारा बांगडा, सुकट, सोडे, सुके बोंबील, आंबोशी, लोणचं, पापड. काकींनी विचारलं, मग मी ह्यांना जेवायला वाढू तरी काय. आम्ही बसून ठरवलं की खारवलेलं सगळं बंद, मिठाशिवाय वाळवलेलं चालेल तेही धुऊन, सोलकढीत मीठ नाही. मीठ कमी केल्याने मेनिए नक्की थांबतो असा भक्कम पुरावा नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, पण बीपीला फायदा होताच. बीटाहिस्टिन या मेनिएसाठी रोज घ्यायच्या गोळीबद्दलही तसंच. जर्मनीत २२१ पेशंटवर नऊ महिने झालेल्या आणि २०१६ मध्ये आलेल्या चाचणीत नुसत्या खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नव्हती, अॅटॅक सगळ्याच गटांत कमी झाले. सगळं ऐकून काका म्हणाले सहा महिने घेऊन बघतो. मान्य. अॅटॅकच्या वेळची गोळी फक्त अॅटॅकलाच, रोज नाही, कारण रोज घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही.

कामाचं जास्त अवघड. मेनिएमध्ये काही जणांना शुद्ध असतानाच अचानक ढकलल्यासारखं कोसळायला होतं, आणि पाण्यात पडल्यावर अंधारात वर-खाली कळायला कानच लागतो. तीन महिने मोठा अॅटॅक नाही असं झाल्याशिवाय समुद्र नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नारळी पुनवेला बाकीच्या बोटी सजल्या तेव्हा काकांनी किनाऱ्यावरून नारळ सोडला. मला मुलाने फोटो पाठवला होता, मी तो बराच वेळ बघत बसले.

नोव्हेंबरात परत गेले ते अटींवर. सुकाणूवर कधीच एकटं नाही, दुसरा जाणता खलाशी कायम बाजूला, लाइफ जॅकेट अंगावर, रात्रीचा पहारा नाही, कान भरायला लागला की लगेच खाली बसायचं आणि सुकाणू सोडायचं. माडावर चढणं कायमचं बंद, शिडीसुद्धा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

एप्रिलमध्ये ऑडिओग्राम. वीस मिनिटांचं काम होतं, मी केलं असतं तर दोन महिने वाचले असते आणि तुलनेला पहिला आकडा हातात असता. आता माझ्याकडे चक्करचा कुठलाही पेशंट आला, निदान कितीही स्पष्ट दिसो, कान तपासल्याशिवाय जात नाही.

दुसरं, किती वेळ हा प्रश्न प्रत्येक चक्करसाठी वेगळा विचारायला हवा होता. काकांच्या दोन चकरा होत्या, एक मिनिटाची आणि एक तासांची, मी त्यांना एकच समजले.

तिसरं घाटाचं. टेस्टच्या सूचना छापील कागदावर असतात, पण त्या कागदाला घाट माहीत नसतो. आता मी आधी विचारते तुम्ही कसे जाणार, कुठून जाणार, आदल्या रात्री राहायला कोण आहे का. आणि रिपोर्ट हातात आला की घरीच अर्थ काढायच्या आधी आमच्याकडे या, नॉर्मल असला तरी या, हे दोनदा सांगते.

सध्या

पहिल्या वर्षभरात, कॅलोरिकनंतर, मोठे अॅटॅक दोन. त्यातला एक जानेवारीत बोटीवर आला, चाळीस मिनिटांचा. कान भरल्याबरोबर काकांनी सुकाणू सोडलं, फळीवर आडवे झाले, खलाश्याने बोट आणली. उजव्या कानाचं ऐकणं पहिल्यासारखं झालेलं नाही, ३०-३५ वर थांबलंय, फोन आता डाव्या कानाला लावतात. खडे एकदा परत सुटले होते, एपलीने बसले.

गेल्या महिन्यात काकी जुनं कालनिर्णय घेऊन आल्या, टेबलावर पसरलं आणि प्रत्येक लाल गोलावर बोट ठेवत गेल्या. अष्टमी, तृतीया, द्वादशी, एक षष्ठी. अमावास्येच्या चौकोनात एकही नव्हता, पुनवेच्याही नाही. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग नवं कालनिर्णय पिशवीतून काढून म्हणाल्या, ह्या वर्षाच्या खुणा मी हिरव्या पेनाने करतंय, लाल माका बरो दिसना नाय.